खिडकीच्या गजावरच्या गाठी

भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, बरं झालं, एक दिवस तरी शांतता. कसली शांतता! सहा दिवस अंगात मुरलेला खडखडाट सातव्या दिवशी कुणी काढून घेतला की जिवाला चैन पडत नाही. कामतघरला आमच्या चाळीच्या भिंतीला लागूनच कारखाना होता. फळीवरची भांडी दिवसभर बारीक थरथरायची, आणि घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागायचं. शुक्रवारी आम्ही सवयीने तसंच ओरडायचो आणि आपलाच आवाज ऐकून ओशाळायचो. माझी मोठी बहीण कुंदा मात्र शुक्रवारी बोलायचीच नाही. एका घरात, एका गोधडीत झोपून हे माझ्या लक्षात आलं नाही. ते एका परक्या बाईच्या लक्षात आलं, आणि तेही एकाच प्रश्नात. त्या प्रश्नाचं मला सांगायचं आहे, पण आधी घर सांगते, नाहीतर आबांचा उगाच राग येईल तुम्हाला. मला तर अजूनही अधूनमधून येतो.

दोन खोल्या, आई, आबा आणि आम्ही दोघी. आई दुपारभर उंबऱ्यात बसून कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणाऱ्या लाकडी कांड्यांवर सूत गुंडाळायची. तिच्या पदराला, केसांना, आमच्या भातालासुद्धा सुताचा बारीक कापूस चिकटलेला असायचा. शुक्रवारी आबा सकाळीच पिशवी घेऊन बाहेर पडायचे आणि खाडीतले निवटे नाहीतर कोलंबी आणायचे. आई ती साफ करायची, मी खोबरं वाटायची, आणि तांदळाच्या भाकऱ्या कुंदा थापायची. तिच्या भाकरीला कधी चीर गेली नाही. आबा पहिली भाकरी हातात घेऊन उजेडाकडे धरायचे, उलटीसुलटी करायचे आणि म्हणायचे, "पास." तेवढीच त्यांची थट्टा. बाकी माणूस बोलायचा कमी.

ती थट्टा त्यांच्या धंद्यातली होती. आबा एका मोठ्या कारखान्यात कापड तपासायचे. मागावरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा अख्खा गठ्ठा, खिडकीसमोरच्या उतरत्या टेबलावरून ओढत न्यायचा, आणि जिथे तुटका धागा, डाग, झिरी दिसेल तिथे काठाला लाल दोऱ्याची गाठ मारायची. संध्याकाळी कुठल्या कारागिराच्या ताक्याला किती गाठी लागल्या ते सगळ्यांना दिसायचं. आबा सांगायचे, ओरडावं लागत नाही, गाठ बघूनच माणूस सुधारतो. वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. डोळ्यांनी बघायचं आणि बोटांनी चाचपायचं, कारण म्हणे काही दोष नजरेला फसवतात पण बोटाला नाही.

कुंदा तेव्हा अकरावीत आणि मी आठवीत. गॅलरीत दोरीवर कपडे घालताना तिची बाही खाली घसरली आणि मला तिच्या हातावरच्या रेघा दिसल्या. मी विचारलं तर म्हणाली, मांजर. आमच्या चाळीत मांजर नव्हतं. मी तशीच बघत राहिले तेव्हा तिने मला आत ओढलं आणि आईची शपथ घातली. मी घेतली. आठ दिवस मी ती शपथ पाळली. जेवण जाईना, शाळेत लक्ष लागेना, ती मोरीत गेली की मी दाराबाहेर उभी. नवव्या दिवशी आईला सांगून टाकलं. धाडस म्हणून नव्हे. सहन होईना म्हणून. आईने आबांना सांगितलं, आणि कुंदाने माझ्याकडे एकदा बघितलं, बस. "सांगितलंस ना, बेबी," एवढंच म्हणाली. पुढे कितीतरी वर्षं ती माझ्याशी बोलायची, हसायची, माझ्या वेण्या घालायची, पण आतलं म्हणून काही सांगितलं नाही.

आजही माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, पेशंट म्हणाली कुणाला सांगू नका, तर काय करायचं? मी चिडते. अगं, तसला शब्द द्यायचाच नाही मुळी. तेरा वर्षांच्या पोरीने दिला तर समजू शकतं, तुम्ही कशाला देता?

मग सुरू झाली शहाण्यांची रांग. आईचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची; नळावर, विहारात, कुठेही एक शब्द जाता कामा नये. आबा तिला नाक्यावरच्या खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेले. मी सोबत होते. डॉक्टरने हात बघितला, आणि जे काय बोलायचं ते तिच्या डोक्यावरून आबांशी बोलला. "लाड कमी करा. या वयात लक्ष वेधून घ्यायचं असतं पोरींना." लाड! आमच्याकडे? मग कॉलेजच्या एका बाईंनी तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं, की मी पुन्हा असं करणार नाही, खाली सही. बाई वाईट नव्हत्या, त्यांचे डोळे भरून आले होते. पण एवढ्या सगळ्या माणसांत कुणी तिला बस म्हटलं नाही. ती आपली उभी. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, का करतेस? काय कमी आहे तुला? ती खाली बघायची. तिला खरंच माहीत नसेल, हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

शेवटी आबांनी स्वतःच्या अकलेने इलाज काढला. शुक्रवारी अंघोळ झाली की हाक यायची, "कुंदे, बाही." खिडकीपाशी नेऊन ते तिचा हात उजेडात धरायचे, उलटासुलटा करायचे, बोटं फिरवायचे. अगदी हळू. मारलं नाही, ओरडले नाहीत. नवीन काही दिसलं की खिशातून लाल दोरा काढायचे आणि खिडकीच्या गजाला एक गाठ मारायचे. मग पिशवी घेऊन बाजाराला. त्यांच्या हिशेबात ते तिच्यासाठी सगळ्यात मायेचं, सगळ्यात मन लावून करत होते. जगात दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. कुंदा भाकऱ्या थापताना त्या गजाकडे पाठ करून बसायची. सात गाठी झाल्या. आणि मग एकदम थांबल्या. एक महिना गेला, दोन गेले, गजावर आठवी गाठ नाही. आबांनी एका शुक्रवारी जिलेबी आणली. आईने विहारात मेणबत्ती लावली. मी जिलेबी खाल्ली आणि मला ती गोड लागली नाही, कारण मला माहीत होतं. बापाची नजर जिथे जाऊ शकत नाही अशी जागा तिने शोधली होती, एवढंच झालं होतं. पण एकदा सांगून मी काय मिळवलं होतं? सात गाठी. म्हणून गप्प बसले. सांगावं तरी चूक, न सांगावं तरी चूक. असं दोन्हीकडून हात बांधले जाणं मी आयुष्यात पुन्हा फार वेळा अनुभवलं, पगार घेऊन, पांढऱ्या साडीत. सवय होत नाही त्याची.

एक जखम चिघळली. ताप चढला. आई कांड्या पोचवायला गेली होती, तेव्हा मी कुंदाला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे ड्रेसिंगला भोईर सिस्टर होत्या. पूर्णा गावच्या, आगरी, अंगाने भरलेल्या, आवाज शेताच्या बांधावरून हाक मारावी असा. त्यांच्यासमोर एक मागवाला बोट धरून बसला होता. "सिस्टर, जल्दी करो, लूम बंद है." "लूम तेरा भागता नहीं, बैठ," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. कुंदाने जखम दाखवली. भोईर सिस्टरच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्या मागवाल्याच्या बोटाकडे जसं बघितलं होतं तसंच बघितलं.

"दुखत असंल," त्या म्हणाल्या. "बस इकरं."

कुंदा बसली. सिस्टरनी पडदा ओढला, पाणी कोमट करून आणलं, प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी सांगितलं, आता पुसते, आता जरा चुरचुरंल. पट्टी बांधून झाल्यावर हात धुता धुता, पाठमोऱ्या उभ्या राहून, त्यांनी विचारलं, "कवा होतं गं असं?"

का नव्हे. कधी.

कुंदा म्हणाली, "शुक्रवारी." आणि स्वतःलाच सांगितल्यासारखं, "माग बंद होतात ना. मग डोक्यातलं ऐकू येतं."

मी तिथेच स्टुलावर बसले होते. मला रडू आलं, आणि रागही. चार महिने आम्ही सगळे का का करत तिच्या मागे लागलो होतो, आणि उत्तर भिंतीपलीकडे दर आठवड्याला बंद पडत होतं. शिवाय आबांची तपासणीही नेमकी शुक्रवारीच.

सिस्टर म्हणाल्या, "बग पोरी, मी हे आमच्या डॉक्टरना सांगणार. तुझ्याम्होरं सांगणार, पाठीमागं न्हाय. पोलीस-बिलीस कोन येणार न्हाय. आनि शुक्रवारी सकाळी तू इकरं यायचं. माग बंद, म्हंजे माझ्याकडं गर्दी नसते. कापसाचे बोळे करायला हात पायजेत मना." ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात मनाचा डॉक्टर आठवड्यातून एकदा बसतो, तिकडेही जाऊ, आपण दोघी, असंही त्यांनी सांगितलं. कुंदाने त्याला मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

त्यानंतरचे शुक्रवार मला स्वच्छ आठवतात. कधी कधी मीही जायची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत सतरंजीवर बसून कुंदा गॉझचे चौकोन कापडाच्या घडीसारखे नेमके दुमडायची. सिस्टर स्टोव्हवर काचेच्या सिरिंज उकळायच्या आणि गावच्या गोष्टी सांगायच्या, कोणाची म्हैस कोणाच्या भातात शिरली, कोणाच्या सुनेने सासूला कसं उत्तर दिलं. डब्यात सुकटीची चटणी असायची, ती तिघींत वाटायच्या. हाताबद्दल अवाक्षर नाही. निघताना मात्र दारात एकदा विचारायच्या, "आठवडा कसा गेला?" आणि कुंदा खरं सांगायची. वाईट गेला असेल तर वाईट. सिस्टर नवी पट्टी बांधायच्या, आणि "पुढच्या शुक्रवारी ये" म्हणायच्या, त्याच आवाजात. मला वाटायचं, या रागवत का नाहीत, एकदा तरी वचन घेऊन का टाकत नाहीत. मला घाई होती. ठाण्यालाही त्या दोघी दोनदा गेल्या. कुंदा सगळी बरी झाली असं मी म्हणणार नाही, कारण नव्हती झाली. पण ती शुक्रवारी बोलायला लागली.

मग एका रविवारी सिस्टर वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आमच्या घरी आल्या. आईने चहा टाकला. आबा भिंतीला टेकून बसले होते. सिस्टरनी खिडकीकडे बघितलं. कुंदाने त्यांना गाठींचं सांगितलं असावं.

"ते दोरे कसले, आबा?"

"तपासनीचे," आबा म्हणाले. "पर आता न्हायत. थांबलंय तिचं."

सिस्टरनी थांबलंय की नाही ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "मना एक सांगा. ताक्यामागून ताक्याला एकाच जागी दोष यायला लागला, तर काय करता?"

"मागात काईतरी बिघडलंय मनायचं."

"मग माग बगता का?"

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. "मी मागाकडं जात न्हाय, सिस्टर," ते म्हणाले. "ते माझं खातं न्हाय. मी फकस्त कापड बगतो."

त्यात उर्मटपणा नव्हता. तो माणूस खरंच सांगत होता की मला येत नाही. सिस्टरनीही मग फार ताणलं नाही. "हात नका बगू तिचा," म्हणाल्या. "एवढाच विचारा, आज कसं हाय तुझं. उत्तर आलं न्हाय तरी विचारा." त्या गेल्यावर आबा उठले आणि एकेक करून सातही गाठी सोडल्या. त्यांच्यासारख्या हाताला दोन मिनिटांचं काम, पण फार वेळ लागला. पुढच्या शुक्रवारी बाही म्हणून हाक आली नाही. ते कुंदापाशी गेले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "जेवलीस का?" सकाळचे नऊ वाजले होते. दर शुक्रवारी तेच. जेवलीस का. त्यापुढे त्यांची जीभ गेलीच नाही.

पावसाळा संपता संपता भोईर सिस्टरची बदली झाली. त्यांनी कुंदाला तीन आठवडे आधी सांगितलं, नव्या सिस्टरशी ओळख करून दिली, ठाण्याची चिठ्ठी लिहून दिली. त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं. पण नव्या बाईंचं म्हणणं, बाहेरच्या मुलीला आत बसवता येत नाही, आणि नियमाने ते बरोबरच होतं. कुंदा एका शुक्रवारी गेली आणि दहा मिनिटांत परत आली. भाकऱ्या थापायला बसली. मी शेजारी बसले. सिस्टर काय म्हणाल्या असत्या ते मला पाठ होतं, पण माझ्या तोंडून ते निघालं असतं तर ती माझ्याकडे त्या जुन्या नजरेने बघेल याची मला भीती वाटली. मी खोबरं वाटत राहिले. महिन्याभरात ठाण्याला जाणंही सुटलं. दिवाळीच्या सुमारास आबांना काय दिसलं कोण जाणे, पुन्हा हाक आली, "कुंदे, बाही." पुन्हा गाठी. पुढे कधीतरी चाळीला रंग दिला तेव्हा कुणी त्या सोडल्या नाहीत, तशाच गजासकट हिरव्या झाल्या.

वर्षं गेली. मी नर्सिंगला गेले. लोक म्हणतात भोईर सिस्टरमुळे. मी म्हणते त्या खोबऱ्याच्या पाट्यामुळे. कुंदाने बी.ए. केलं, नाक्यावरच्या टेलिफोन बूथवर बसायला लागली, लोकांची मुलुखभरची सुखदुःखं काचेआडून ऐकायची आणि पैसे मोजून घ्यायची. बाह्या लांबच. मधली दोन-तीन वर्षं बरी, मग वाईट, मग बरी. मी वॉर्डात परक्यांच्या पोरींना कधी होतं गं म्हणून विचारायची आणि घरी येऊन बहिणीला चहात साखर किती घालू विचारायची. आबांना साखरेचा आजार झाला, आणि ज्या डोळ्यांवर अर्ध्या भिवंडीचं कापड पास व्हायचं ते डोळे गेले.

शुक्रवार होता. माग बंद. आई बाजारात, मी चहा ठेवलेला, स्टोव्ह फरफरत होता. कुंदा आबांपाशी जाऊन बसली, आणि हाक आली नसताना तिने बाही वर केली आणि हात त्यांच्या मांडीवर ठेवला. का ठेवला, मला माहीत नाही. कदाचित इतकी वर्षं ते बघत होते तेव्हा तिला नको होतं, आणि आता ते बघू शकत नव्हते. आबा दचकले. मग त्यांची बोटं हळूहळू मनगटापासून वर गेली, तशीच, ताका चाचपावा तशी.

"जुनं हाय," ते म्हणाले. "सगळं जुनं हाय." त्यांचा चेहरा उजळला.

साखरेने त्यांच्या बोटांचीही जाण गेली होती. मी नर्स, मला ते ठाऊक होतं. आणि मी स्टोव्हपाशी उभी होते तिथून मला कोपरापाशी दिसत होतं. सगळं जुनं नव्हतं.

कुंदाने वर बघितलं आणि मी बघितलंय हे तिला दिसलं. गॅलरीतल्या त्या दिवसासारखंच. फक्त या वेळी शपथ घालायला तिने तोंड उघडलं नाही. ती वाट बघत होती, मी आता काय करते याची. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आबांना आनंदात राहू द्यावं, चहा गाळावा, संपलं.

"कुंदा," मी म्हणाले, "कधी?"

"मंगळवारी," ती म्हणाली.

आबांची बोटं थांबली. त्यांनी हात काढून घेतला नाही. खिशाकडे गेला नाही तो हात. आंधळा चेहरा तिच्याकडे वळवून, इतक्या बारीक आवाजात की माग चालू असते तर ऐकूही आला नसता, त्यांनी विचारलं, "मंगळवारी काय असतं गं, कुंदे?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तिचे ओठ हलायला लागले तसा मी स्टोव्ह बंद केला.